ग्रेचे पुस्तक, कार्टरचा हात

वैद्यकीय विद्यार्थी ज्याला नुसते ‘ग्रे’ म्हणतात, तो शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ एकट्या ग्रेंचा नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये हेन्री ग्रे आणि त्यांचे तरुण सहकारी हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी 1856-57 मध्ये सुमारे दीड वर्ष एकत्र विच्छेदन केले. मजकूर ग्रेंचा, चित्रे कार्टरांची. 1858 च्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर विच्छेदन दोघांचे असल्याचे छापले आहे. हिशेबात मात्र बरोबरी नव्हती. ग्रेंना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड, कार्टरांना एकदाच दीडशे.

कार्टरांनी धमनीचे नाव धमनीवर आणि स्नायूचे स्नायूवरच लिहिले. तळटीप धुंडाळायला नको. शिकणाऱ्याने टेबलावरचा देह आणि पानावरचे चित्र शेजारी ठेवावे, की झाले.

पुस्तक निघाले त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले आणि 1845 मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. पुढे काही वर्षे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. विच्छेदनाच्या टेबलावर तयार झालेली नजर आता रोगाकडे वळली. अनवाणी राबणाऱ्यांचा पाय सुजून त्यातून दाणेदार स्राव वाहू लागतो, तो ‘मदुरा फूट’. असे पाय चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कार्टरांनी त्यामागे बुरशी असल्याचे मांडले. 1874 मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ काढला. काही प्रकार जिवाणूंमुळे होतात, हे नंतर कळले. मुंबईत उलटून येणाऱ्या तापाचे जंतूही त्यांनी रुग्णांच्या रक्तात दाखवले. शिकवणे आणि संशोधन त्यांच्यासाठी एकच काम होते.

‘ग्रे’ या ग्रंथामागच्या तिसऱ्या भागीदाराचे नाव मात्र कुठेच नाही. ग्रे-कार्टरांच्या टेबलावरचे देह 1832 च्या ब्रिटिश कायद्याने मिळत. ते बहुतेक निराधारगृहांत, इस्पितळांत मेलेल्या बेवारस गरिबांचे असत. त्यांची संमती कुणी विचारली नव्हती.

आपल्याकडेही 1949 च्या मुंबईच्या कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांना मिळू लागले. आता त्यांच्या जोडीला स्वेच्छेने दिलेले देह येतात. त्यांच्यावर पहिल्या वर्षाची मुले शिकतात आणि शल्यचिकित्सक नव्या शस्त्रक्रियांचा सराव करतात. पण देहदानाचा नुसता अर्ज भरून भागत नाही. मृत्यूनंतर देह सुपूर्द करायचा असतो तो घरच्यांनी, आणि ऐनवेळी त्यांनी नकार दिला तर दात्याची इच्छा कागदावरच राहते. म्हणून देहदान ठरवले असेल, तर आधी घरात मोकळेपणाने बोला आणि जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा फोन नंबर सर्वांना देऊन ठेवा.