जुनी इन्व्हर्टर बॅटरी : चार पैसे की गल्लीचे आरोग्य?

२००५ नंतरच्या लोडशेडिंगने खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारात दुकानोदुकानी इन्व्हर्टर आणला. आम्ही कापडवाले, अंधारात गिऱ्हाइकाला रंग दाखवणार कसा? आम्हीही घेतला. पाणी वेळेवर घातले तर बॅटरी चार-पाच वर्षे चालते, मग बसते. प्रश्न तिथून सुरू होतो.

आमची पहिली बॅटरी आम्ही भंगारवाल्याला दिली. त्याने ओझे हलके करायला ती दारातच उलटी केली. तेजाब शहाबादी फरशीवर फेसाळत नालीत गेले. त्या नालीकाठी मोहल्ल्यातील मुले गोट्या खेळतात. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते, आणि त्याचा गाळ, धूर मुलांच्या मेंदूला बाधतो. कमाई हलाल असली तरी शेजाऱ्याला विष देऊन बरकत कुठली?

व्यापारी बंधूंनी एवढे जाणावे की विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, हा कायदा २००१ पासूनचा आहे. ऑगस्ट २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. नवी घेताना जुनीची किंमत वजा करून घ्या व बिलावर लिहून घ्या. भंगारवाला कधी शंभर-दोनशे जास्त देतो, हे खरे.

तोवर बॅटरी उभीच ठेवा, झाकणे उघडू नका. कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली फुगलेली छोटी बॅटरीही याच जातीची. लिथियमची असेल तर ठोकू नका, पेट घेते. तेजाब अंगावर उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. फरशीवर सांडल्यास खाण्याचा सोडा टाकावा.