सर्वांना आवडते, मग मला का नाही?

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून दुपारच्या डब्यांसोबत हापूसच्या फोडी फिरू लागतात. त्या वेळी ‘मला आंबा आवडत नाही’ असे म्हणणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, तिच्यात आश्चर्यापेक्षा कीव अधिक असते. ‘मधुमेह आहे का?’ अशी चौकशीही होते. कारण प्रकृतीचे असेल तर ते क्षम्य ठरते; नुसती नावड ठरत नाही. क्रिकेट, गाजलेला चित्रपट, घरोघरी वाचला जाणारा लेखक यांबाबतही हाच अनुभव येतो. कारले न आवडणाऱ्याकडे कोणी स्पष्टीकरण मागत नाही. लोकप्रिय गोष्ट नावडली की मात्र ते द्यावे लागते, आणि पुष्कळदा माणूस ते प्रथम स्वतःलाच देत बसतो.

या अस्वस्थतेची प्रांजळ कबुली लिओ टॉलस्टॉय यांच्या शेक्सपियरवरील निबंधात सापडते. तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेक्सपियर प्रथम वाचला तेव्हा त्यांना आनंदाऐवजी कंटाळा आणि तिटकारा वाटला. सारे सुसंस्कृत जग ज्याला डोक्यावर घेते ते आपल्याला क्षुल्लक वाटावे, याचा अर्थ चूक आपली की जगाची, असा प्रश्न त्यांना पडला. शंका फिटावी म्हणून त्यांनी ही नाटके रशियन, इंग्रजी आणि जर्मन भाषांतून पुनःपुन्हा वाचली. पंचाहत्तरीत आणखी एकदा वाचून काढली. मत बदलले नाही. ‘युद्ध आणि शांती’ लिहिणाऱ्याला आपल्या नावडीची खात्री करून घेण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली, तर सामान्य वाचकाने पाहुण्यांसमोर मान डोलवली यात नवल ते काय?

ही मान का डोलते, याचा मागोवा मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी घेतला. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका रेघेच्या लांबीची रेघ तिघींतून ओळखायची होती. एक जण वगळता बाकी सारे प्रयोगकर्त्याला सामील होते आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत ते ठरवून चुकीचे उत्तर देत. त्या फेऱ्यांत सुमारे एकतृतीयांश वेळा एकट्या पडलेल्या माणसाने बहुमताचीच री ओढली. नंतर बोलताना काहींनी सांगितले, की आपल्याच नजरेत दोष असावा असे वाटले. रेघ निदान मोजता येते. नाटकाच्या किंवा आंब्याच्या गोडीला पट्टी लावता येत नाही. त्यामुळे तेथे हा संशय अधिकच खोल जातो.

त्यातून गप्प राहणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज होतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मद्यपानाविषयी डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले. आपल्याला हा प्रकार जितका खटकतो तितका इतरांना खटकत नाही, असे विद्यार्थी सर्वसाधारणपणे धरून चालले होते. प्रत्येकाला आपण एकटेच वाटत होतो. तसे ते नव्हते. ॲश यांच्या प्रयोगातही गटातील केवळ एकाने खरे उत्तर दिले, की बहुमतापुढे झुकण्याचे प्रमाण झपाट्याने खाली येई.

मात्र संशयाचे दुसरे टोकही आहे. आपण चूक नाही असे एकदा ठरले, की इतके सारे लोक चुकले कसे, हे सांगणे भाग पडते. टॉलस्टॉय यांनी शेक्सपियरच्या कीर्तीला साथीसारखे पसरणारे संमोहन म्हटले. आपल्याकडे ‘लोकांना अक्कल नाही’ हे वाक्य त्याच जातीचे. त्यात रुचीपेक्षा दुखावलेपणच अधिक बोलते.

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४७ मध्ये या निबंधाचा समाचार घेताना वेगळाच प्रश्न विचारला : टॉलस्टॉय यांनी नेमके ‘किंग लिअर’च फाडण्यासाठी का निवडले? सर्वस्वाचा त्याग करूनही सुख न लाभलेल्या त्या वृद्ध राजात त्यांना कळत-नकळत स्वतःची कथा दिसली असावी, असे ऑर्वेल यांचे अनुमान. संपत्तीवरचा हक्क सोडू पाहणारे टॉलस्टॉय १९१० मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, घर सोडून निघाले आणि अस्तापोवो या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचा मृत्यू झाला.