थकल्या पायांना सोसेल असे घर

आजोबा न्हाणीत घसरतात, खुब्याचे हाड मोडते आणि दोन-तीन महिन्यांत मुलगा त्यांना मुंबईला नाही तर पुण्याला घेऊन जातो. मागे घराला कुलूप. लोक म्हणतात, "वयच झालं होतं त्यांचं." वय झाले होते हे खरे, पण फरशी गुळगुळीत नसती, तर ते आणखी काही वर्षे आपल्या ओसरीवर बसले असते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांत सुमारे दहाजण साठीच्या पुढचे होते. मात्र घर बांधताना त्यांना कोणी विचारत नाही.

आधी म्हातारपणी काय होते ते पाहू. मांडीतले बळ कमी होते, म्हणून खाली बसलेले माणूस उठताना काहीतरी धरू पाहते. पाऊल पूर्वीइतके उचलले जात नाही, त्यामुळे दोन बोटांचा उंबरठाही पायाला अडतो. डोळ्याला उजेड जास्त लागतो. अंथरुणातून एकदम उठले की रक्तदाब उतरून घेरी येते. आणि रात्री लघवीला तर उठावे लागतेच. ही सारी कारणे एकत्र येतात ती अंथरुणापासून परसातल्या न्हाणी-संडासापर्यंतच्या वाटेवर. तेव्हा हाताशी थोडेच पैसे असतील, तर ते आधी या वाटेवर खर्च करा.

वाटेवर रात्रभर एक लहान दिवा असू द्या. पावसाळ्यात साचणारे शेवाळ खरवडून काढा. न्हाणीत शहाबादी फरशी घालायची तर खडबडीत बाजू वर ठेवा. चकचकीत टाइल दिसायला छान, पण पाणी पडले की ती वैरीण. पाटाऐवजी गुडघ्याइतका उंच, न डुगडुगणारा स्टूल द्या. भिंतीत पक्की दांडी बसवा, आणि मुठीत धरता यावी म्हणून तिच्या मागे दीड-दोन इंच मोकळे राहू द्या. टॉवेल टांगायच्या दांडीवर भिस्त ठेवू नका, ती एका हिसक्यात उपटून येते. आणखी एक, जे गवंडी सहसा सांगत नाही : न्हाणीचे दार बाहेर उघडणारे करा. आत पडलेले माणूस दाराला आडवे झाले, तर आत उघडणारे दार ढकलताच येत नाही.

दांडी कुठे बसवावी? आजींना घरात एक फेरी मारायला सांगा. भिंतीवर, चौकटीवर जिथे हाताचे तेलकट डाग दिसतील, तिथे त्यांना आधार हवा आहे. उंबरठा काढायला घरच्यांचे मन होत नाही, ते समजण्यासारखे आहे. मग तो राहू द्या. दोन्ही बाजूंना लाकडी उतरण ठोका आणि कडेला पांढरा पट्टा ओढा.

नव्या स्लॅबच्या घरांचा चौथरा उंच असतो. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तो हवाच. पण पायऱ्या सारख्या उंचीच्या, सहा इंचांच्या करा, पाऊल पुरते टेकेल इतक्या, म्हणजे फूटभर रुंद ठेवा आणि बाजूला कठडा घाला. उतरण करायची तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तेवढी जागा नसेल तर पायऱ्याच बऱ्या. तीव्र उतरणीवरून माणूस गडगडतो.

घर सुधारले, पण आजोबा दाराबाहेर पडू शकले नाहीत, तर काय उपयोग? देऊळ, दवाखाना, दुकान इथवर जाताना वाटेत टेकायला जागा हवी. वडाचा पार असतो, पण पुष्कळदा कमरेइतका उंच. त्यावर चढायचे कसे? त्याला लागूनच दीड फूट उंचीचा एक कट्टा बांधला की काम झाले. उघड्या गटारावर टाकलेली एकच हलती फरशी फार घातक. ती रुंद आणि पक्की बसवायला हवी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे काम आपल्या शाळेला सहज जमण्यासारखे आहे. मुलांना फूटपट्टी घेऊन आपापल्या आजी-आजोबांच्या रोजच्या वाटेवर पाठवा. कोणती पायरी किती इंच, गटार कुठे उघडे, दिवा कुठे नाही, बसायला जागा किती पावलांवर, हे त्यांनी मोजून नकाशावर मांडावे. गणित होईल, भूगोलही होईल. आणि १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो नकाशा भिंतीवर टांगता येईल.