दोन नेटवर्कांमधला एक पीसी

नव्वदच्या दशकात मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात संगणक विभाग सांभाळत होते. तिथे एकाच इमारतीत दोन नेटवर्क होती आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तळमजल्यावर हिशेब आणि स्टोअर्सचं जुनं आर्कनेट, वर ड्रॉइंग विभागाचं नवं इथरनेट. डिझाइन बदललं की सुट्या भागांची यादी फ्लॉपीवर घेऊन कुणीतरी जिना उतरायचं. फ्लॉपी वाचली गेली नाही, तर स्टोअर्स जुन्याच यादीप्रमाणे माल मागवायचं.

आर्कनेट काढून टाका, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. माझा त्याला विरोध होता. डेटापॉइंट या अमेरिकी कंपनीनं १९७०च्या दशकात बनवलेली ही पद्धत. वेग सेकंदाला २.५ मेगाबिट, पण शिस्त पक्की: बोलायची पाळी दाखवणारं टोकन ज्याच्याकडे येईल, त्यानंच बोलायचं. हिशेबाच्या मोजक्या मशिनांना तेवढं पुष्कळ होतं. इथरनेटचा जन्म १९७३ साली झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रातला, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातचा. आमच्याकडच्या इथरनेटचा वेग १० मेगाबिट. तिथे तार मोकळी दिसली की बोलायचं, दोघांची टक्कर झाली तर दोघांनी थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

दोन्हीकडे काळी कोअॅक्स केबल आणि तसेच बीएनसी कनेक्टर. त्यामुळे ‘ही तार त्या तारेला जोडा की’, अशी सूचना हमखास यायची. पण आर्कनेटची केबल ९३ ओहमची, इथरनेटची ५० ओहमची. आर्कनेट कार्डाचा नंबर कार्डावरच्या चिमुकल्या स्विचांनी आपण लावायचा, १ ते २५५ यांपैकी एक. इथरनेट कार्डाचा नंबर ४८ बिटांचा, बनतानाच त्यात घातलेला. बोलण्याची रीत वेगळी, पत्ते वेगळे. तारेला तार जोडून काहीच साधलं नसतं.

दोन्ही रीती जाणणारं यंत्र मध्ये बसवायला हवं होतं. पेंटियम आल्यावर बाजूला पडलेला एक ४८६ पीसी आम्ही घेतला. त्यात एक आर्कनेट कार्ड, एक इथरनेट कार्ड आणि वर लिनक्स. लिनक्समध्ये आर्कनेटचा ड्रायव्हर होता तो कॅनडाच्या एव्हरी पेनारन यांच्यामुळे, आणि त्या कामाबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

दोन्ही कार्डांना स्वतंत्र आयपी पत्ते दिले: वरच्या नेटवर्कात १९२.१६८.१.१, खालच्यात १९२.१६८.२.१. प्रत्येक मशिनला सांगून ठेवलं, की आपल्या नेटवर्कात नसलेला पत्ता दिसला तर पॅकेट आपल्या बाजूच्या या कार्डाकडे द्यायचं. मग लिनक्सच्या आयपी फॉरवर्डिंगच्या फाइलमध्ये ० होता तिथे १ लिहिला. मिरजेला पुण्याकडची ब्रॉडगेज आणि बेळगावकडची मीटरगेज एकत्र यायची तेव्हा मालाचं जे व्हायचं, तेच इथे पॅकेटचं होतं: डबा बदलतो, पार्सलवरचा पत्ता तोच राहतो. हा मधला पीसी, म्हणजेच गेटवे, इथरनेटचं वेष्टण काढतो, आतला आयपी पत्ता वाचतो, आर्कनेटचं वेष्टण चढवतो आणि पुढे धाडतो. इथरनेटच्या पॅकेटात १५०० बाइट मावतात, आर्कनेटच्या एका फ्रेममध्ये जेमतेम ५००. म्हणून १९९१ साली ठरलेल्या एका नियमानुसार ड्रायव्हर तुकडे करतो आणि पलीकडचं मशिन ते जोडून घेतं.

नव्या मुलांना शिकवताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते: परतीचा रस्ता आधी तपासा. जाण्याचा मार्ग सगळे लावतात. उत्तर देणाऱ्या मशिनला गेटवे माहीत नसेल, तर पॅकेट पोचतं, उत्तर मात्र येत नाही, आणि दोष निष्कारण केबलवर जातो.

मध्ये गेटवे बसवायचा हा विचार अर्थातच आमचा नव्हता. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या संशोधकांनी १९७४ च्या त्यांच्या निबंधात तो मांडला: कुठल्याही नेटवर्कला आतून बदलायला लावू नका, मध्ये गेटवे ठेवा. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली पॅकेटं रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट अशा तीन निराळ्या नेटवर्कांतून गेली आणि आली. इंटरनेट उभं आहे ते याच तत्त्वावर. तुमच्या घरातला वायफाय राउटरही हवेतलं नेटवर्क आणि फायबर यांच्यामध्ये तेच काम करतो.

अशा गेटवेचा धोका एकच, पण मोठा: तो बंद पडला की दोन्ही बाजू पुन्हा तुटतात. त्याला यूपीएस हवा, तयार ठेवलेली जादा कार्डं हवीत आणि पेटीवर ठळक अक्षरांत ‘बंद करू नये’ असा कागद हवा. सफाई करताना कुणीही प्लग काढू शकतं.

आज एमआयडीसीतल्या अनेक शेडमध्ये हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. तिथली मीटर आणि कंट्रोलर मॉडबस बोलतात. ही भाषा १९७९ ची, बहुधा आरएस-४८५ च्या दोन तारांवरून चालणारी. मालकाला मात्र आकडे ऑफिसच्या इथरनेटवर हवे असतात, आणि विक्रेता सगळं बदलायचा सल्ला देतो. धडधाकट यंत्र भंगारात काढण्याआधी मॉडबस-इथरनेट गेटवेची किंमत विचारा. हातात मावणारी ती पेटी बाजारात सहज मिळते.