बालकथेची पारख आणि सातपुड्यातील वाचक

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगतो आणि त्यातील ग्रंथांमध्ये गोष्टींच्या पुस्तकांचा नामनिर्देश करतो. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या राज्य अधिनियमाने अनुदानाचा आधार दिला. तथापि, गोष्ट कोणती निवडावी हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. तो निर्णय मुख्याध्यापक, ग्रंथपाल व समितीचे सदस्य घेतात, आणि यादी करताना ही मंडळी नकळत समीक्षकाचेच काम करीत असतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे काम विशेष जोखमीचे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ६९ टक्के, तर साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती अशा बोली-भाषा घरी बोलणारी मुले शाळेत प्रमाण मराठीतील गोष्ट वाचतात. पुष्कळांच्या घरी त्यांच्याआधी कोणी पुस्तक हाताळलेले नसते. अशा वाचकाच्या हाती येणारे पहिलेच पुस्तक कंटाळवाणे निघाले, तर दुसऱ्या पुस्तकाची वेळ बहुधा येतच नाही.

मराठी बालवाङ्मयाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात भाषांतरांनी झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. कथेअखेरचे तात्पर्य हीच त्या काळी गोष्टीची कसोटी होती, आणि खरे पाहता ती अद्यापि पुरती मागे पडलेली नाही. पुढे मालतीबाई दांडेकर, लीलावती भागवत आदींनी या वाङ्मयाचा स्वतंत्र विचार केला. मूल हे लहान आकाराचे प्रौढ माणूस नव्हे, ही जाणीव अशा अभ्यासाच्या मुळाशी असते.

या दृष्टीने साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तपासून पाहण्याजोगी आहे. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात खानदेशातच, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमात रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. त्यात उपदेश विपुल आहे, हे मान्यच करावे लागेल. मग ते टिकले कशामुळे? पोहायला जायचे टाळून लपून बसलेला श्याम आणि त्याला मारून विहिरीवर पाठविणारी, पण मनातून कळवळणारी आई, हे चित्र कोणत्याही तात्पर्याहून बळकट आहे. लेखकाने मुलाची भीती लपविलेली नाही. उलट, अळणी भाजी वडील निमूटपणे खातात, त्या प्रसंगी आजची एखादी विद्यार्थिनी विचारील, की भाजी नेहमी आईनेच का करावी? असा प्रश्न पुस्तकाचा अवमान नव्हे. शिक्षकाने तो दडपू नये.

भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा फुरसुंगीचा बनेश, अर्थात फास्टर फेणे, ही दुसऱ्या जातीची कथा. येथे आई शिकवीत नाही. मुलगा स्वतः पाहतो, तर्क करतो आणि सायकलीवरून सुटतो. पुण्याच्या गल्ल्या धडगावच्या मुलाला अनोळखी असल्या तरी कुतूहल अनोळखी नसते. त्यामुळे केवळ आपल्या परिसराचेच पुस्तक हवे, हा आग्रहही एकांगी ठरतो.

अडचण वेगळीच आहे. मराठीतील पुष्कळ साहसकथांत आदिवासी मुलगा येतो तो शहरी मुलांना रानवाट दाखविण्यापुरता. वाट संपली की तोही संपतो. उन्हाळी सुटीतले मामाचे गाव कथांतून वारंवार भेटते. पण ज्याचे आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले आहेत आणि जो स्वतः आश्रमशाळेत राहतो, त्याची सुटी कोणत्या कथेत आहे? याहामोगी आणि राजा पांठा यांच्या कथा सातपुड्यात सांगितल्या जातात. त्या छापताना सांगणाऱ्याची लकब पुसून शाळकरी मराठीत बसविल्या, तर हाती केवळ सारांश उरतो.

जिल्ह्याच्या इतिहासाबाबतही हीच सावधगिरी हवी. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. मुलांसाठी हा प्रसंग कथारूपाने सांगताना लेखकाला संवाद कल्पावे लागतात, ते क्षम्यही आहे. परंतु शिरीषकुमार जन्मतःच निर्भय असल्याचे रंगविले, की तो पुतळा होतो. घरी गुजराती बोलणारा, शाळेत जाणारा, मित्रांत रमणारा मुलगा त्या दिवशी ध्वज खाली ठेवीना, एवढे सांगितले तरी वर्गातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला तो आपला वाटतो.

निवडीचा खर्चिक उपाय शोधण्याची गरज नाही. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पुस्तक खरेदीपूर्वी त्यातील दोन-तीन कथा वर्गात मोठ्याने वाचून पाहाव्यात. मुले कोठे हसतात, कोठे चुळबुळ करतात, कोणता शब्द अडतो आणि दुसऱ्या दिवशी कोणती गोष्ट आपल्या बोलीत घरी सांगून येतात, याची नोंद शिक्षकाने वहीत ठेवावी. खरेदीची यादी समितीपुढे येईल तेव्हा ही वही तिच्यासोबत असावी.