तोटा कोणाच्या वाट्याला?

एखाद्या देशाची आर्थिक वाढ किती वेगाने होते, हे मोजण्याची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकांनी लावली आहे. परंतु फटका बसल्यावर तो देश सावरतो कसा, या प्रश्नाच्या वाट्याला पुस्तकात फार तर एक परिच्छेद येतो. प्रस्तुत लेखात मला या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी मी मॉरिशसचे उदाहरण घेते. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तेथे आजही आहेत. पण मॉरिशस निवडण्याचे कारण ते नव्हे. कारण आहे एक चुकलेले भाकीत.

हिंदी महासागरातील हा देश सुमारे 2,000 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याहून थोडा मोठा. 1960 च्या सुमारास त्याच्या निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या साखरेचा होता. हिवताप आटोक्यात आल्याने मृत्युदर घटला होता आणि लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. त्यातच हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल आणि फ्रेंच वंशाचे मळेवाले असा बहुरंगी समाज. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी 1961 साली या बेटाचा अभ्यास करून अत्यंत निराशाजनक चित्र रंगविले. माणसे वाढणार, काम मिळणार नाही, आणि अपुऱ्या कामासाठी जमाती एकमेकींशी भांडणार, असा त्यांचा एकंदर सूर होता. हेच मीड 1977 मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. तेव्हा भाकीत कोणा ऐऱ्यागैऱ्याचे नव्हते.

आणि ते निराधारही नव्हते. 12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला, त्याच्या दोनच महिने आधी तेथे जातीय दंगली झाल्या होत्या.

आता ज्या संशोधनाविषयी सांगावयाचे, त्याकडे वळते. दानी रॉड्रिक हे मूळचे तुर्कस्तानचे, हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी विचारले, की 1975 पूर्वी चांगली वाढणारी कितीतरी राष्ट्रे त्यानंतर एकाएकी का कोसळली? तेलाचे भाव भडकले, कच्च्या मालाचे पडले, हे खरे. परंतु तसाच धक्का बसूनही दक्षिण कोरिया लवकर उभा राहिला, तर ब्राझील आणि तुर्कस्तान वर्षानुवर्षे धडपडत राहिले. रॉड्रिक यांचे उत्तर थोडक्यात असे: बाहेरचा धक्का गुणिले समाजातील सुप्त संघर्ष, आणि त्याला भागायचे संघर्ष मिटविणाऱ्या संस्थांच्या बळाने. निवडणुका, न्यायालये, सामाजिक सुरक्षेच्या योजना, या सर्व त्या भाजकात येतात. (हे सूत्र मी कन्नड विभागातील एका मैत्रिणीला समजावून सांगितले, तेव्हा 'संघर्ष' आणि 'संस्था' हे दोन शब्द तिला भाषांतरावाचून कळले.)

यामागील तर्क सोपा आहे. धक्का बसला की राष्ट्राचे उत्पन्न घटते, आणि घटलेला हिस्सा कोणीतरी सोसावा लागतो. चलनाचे अवमूल्यन घ्या. परदेशात साखर विकणाऱ्याला त्याच डॉलरचे अधिक रुपये मिळतात, पण आयात तांदूळ आणि पीठ खाणाऱ्या मजुराचा खर्च वाढतो. म्हणून जो तो म्हणतो, 'आधी दुसऱ्याने सोसावे'. निर्णय लांबतो, तूट वाढते, भाववाढ होते, आणि मूळच्या धक्क्याहून हे भांडणच महाग पडते.

मॉरिशसवर ही वेळ सत्तरीच्या अखेरीस आली. साखरेची तेजी ओसरली, तेल महागले. 1979 आणि 1981 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. 1982 च्या निवडणुकीत जनतेने राग काढला आणि बेटावरील सर्वच्या सर्व 60 जागा विरोधकांना दिल्या. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतः पडले. मला या कथेतील खरी मौज येथे वाटते. नव्या सरकारने काटकसरीचा कार्यक्रम मोडीत काढला नाही, आणि पराभूत रामगुलाम 1983 च्या अखेरीस त्याच देशाचे गव्हर्नर जनरल झाले. शिवाय कोणतीही जमात प्रतिनिधित्वावाचून राहू नये म्हणून पराभूत उमेदवारांतून 8 जादा जागा भरण्याची सोय तेथील राज्यघटनेत आहे. ही सोय सदोष आहे, पण तोटा वाटताना सर्वांची माणसे सभागृहात होती.

पैसा कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. 1975 पासून युरोपीय समुदाय दरवर्षी मॉरिशसची जवळजवळ 5 लाख टन साखर ठरलेल्या भावाने घेई, आणि तो भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजाराहून बराच चढा असे. आमच्या भागातील ऊसकऱ्यांना हमीच्या भावाची किंमत निराळी सांगायला नको. अरविंद सुब्रमणियन आणि देवेश रॉय यांनी 2001 च्या अभ्यासात या लाभावर नेमके बोट ठेवले आहे. साखरेच्या निर्यातीवर सरकार कर घेई. 1970 च्या कायद्याने निर्यात प्रक्रिया क्षेत्र निघाले, आणि ऐंशीच्या दशकात त्यातील कापड-कपड्यांच्या कारखान्यांनी बेकारी जवळजवळ संपविली. या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या आणि कामगार कायद्याचे संरक्षण त्यांना इतरांहून कमी होते. 'चमत्कार' म्हणून गौरव करणारे हा तपशील घाईने उरकतात, याचे मला नवल वाटते. तोट्याची वाटणी न्याय्य झाली असे म्हणताना त्या मुलींचा हिशेब कोणी मांडला?

फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पुन्हा पेटले. वाढीच्या तीस वर्षांत क्रिओल वस्त्यांना थोडकेच मिळाले होते. रॉड्रिक यांचा निबंध त्याच वर्षीचा!

पुढे कपड्यांच्या जागतिक कोट्याची पद्धत 2005 च्या आरंभी संपली. युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरविला आणि 2009 मध्ये तो करारही सुटला. कारखाने कमी झाले. पर्यटन आणि वित्तसेवा वाढल्या. 2020 मध्ये कोरोनामुळे पर्यटक थांबले, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्न एका वर्षात सुमारे 15 टक्क्यांनी घसरले. सरकारने कामगारांच्या पगारासाठी मालकांना साहाय्य दिले, मध्यवर्ती बँकेने मोठी रक्कम उपलब्ध केली, आणि 2022 मध्ये वाढीचा दर 8 टक्क्यांच्या वर गेला. परंतु सार्वजनिक कर्ज फुगले आहे. या वेळचा तोटा उद्याच्या करदात्यांच्या खात्यावर मांडला गेला, आणि ते काही मतदानाला हजर नव्हते.