उल्कांची मोजदाद

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेची, म्हणजे ता. २ एप्रिल २०२२ ची, सायंकाळ विदर्भातील लोक सहसा विसरणार नाहीत. गुढ्या उतरवून मंडळी अंगणात बसली असता पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळत्या गोळ्यांची एक रांगच्या रांग मोठ्या संथपणे सरकत गेली. कोणी म्हणाले धूमकेतू कोसळला. कोणी म्हणाले विमान पेटले. आणि वर्षाच्या पहिल्याच दिवशी असा उत्पात दिसला त्या अर्थी मोठे अरिष्ट ओढवणार, असे भाकीत करून मोकळे होणारेही पुष्कळ निघाले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले, व पुढे आसपास धातूचे पोकळ गोळेही सापडले. चीनने सोडलेल्या एका अग्निबाणाचा उरलेला भाग वातावरणात शिरून जळाला असावा, असा निष्कर्ष मग जाणत्यांनी काढला.

ती उल्का नव्हे, एवढे ओळखण्यास मात्र कड्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. खरी उल्का एक-दोन सेकंदांत, जुन्या मापाने सांगावयाचे तर चार-पाच विपळांत, चमकून विझते. तिचा वेग सेकंदास ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत असतो. पृथ्वीभोवती फिरता फिरता खाली येणाऱ्या मनुष्यनिर्मित वस्तूचा वेग सहसा सेकंदास ८ किलोमीटरांच्या आसपास असतो. ती आडवी शिरते, तिचे तुकडे एकामागून एक त्याच वाटेने चालतात, आणि हा देखावा पुष्कळ वेळ टिकतो. म्हणजे ज्याने चार रात्री उल्का पाहिल्या असतील त्याला केवळ मनातल्या मनात आकडे मोजूनही भय व तथ्य यांतील भेद कळला असता. आकाशाकडे पाहणे निराळे आणि आकाश मोजून पाहणे निराळे. हे दुसरे काम घरोघर होण्यासारखे आहे, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

'तारा तुटला' असे आपण म्हणतो, आणि तारा तुटला की कोणीतरी गेले असे वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही, स्वर्गात पुण्यफळे भोगून जे खाली येतात त्यांची रूपे म्हणजे उल्का, अशी समजूत दिलेली आहे. परंतु तेवढ्यावर न थांबता त्याने धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पाच भेद करून प्रत्येकाचा आकार व लक्षणे वर्णिली. त्यातील फलादेश आज आम्ही बाजूला ठेवतो. भेद करून पाहण्याची ती दृष्टी मात्र अवश्य घ्यावी.

आज आपणांस ठाऊक आहे की तारा कधी तुटत नाही. वाळूच्या कणाएवढा किंवा मोहरीच्या दाण्याएवढा एखादा कण अतिवेगाने वातावरणात शिरतो व जमिनीपासून सुमारे ८० ते १२० किलोमीटर उंचीवर जळून जातो. ही उंची प्रथम मोजली ती गटिंगन येथील ब्रांडेस व बेंझेनबर्ग या दोघा विद्यार्थ्यांनी, १७९८ साली. दोघे एकमेकांपासून काही मैल दूर बसले, एकाच वेळी दिसलेली उल्का कोणत्या ताऱ्यांजवळून गेली हे दोघांनीही टिपले, आणि त्या दोन दिशांच्या अंतरावरून त्रिकोणमितीने उंची काढली. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. मोहाडीपासून नागपूर सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर. मोहाडीच्या बरोबर डोक्यावर १०० किलोमीटर उंचीवर चमकलेली उल्का नागपूरच्या मनुष्यास डोक्यावर दिसणार नाही. ती त्याला पूर्वेच्या अंगास, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर दिसेल. शाळेत त्रिकोणमिती शिकणाऱ्या मुलास हे गणित अवघड नाही. आणि आपल्या विद्येचा असा उपयोग एकदा दिसला की त्या विषयाचा कंटाळाही राहत नाही.

आता उल्का केव्हा पाहाव्या? तुरळक उल्का कोणत्याही निरभ्र रात्री दिसतात, व सायंकाळपेक्षा पहाटे अधिक दिसतात. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदास सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि पहाटेची बाजू ही तिच्या धावण्याची पुढची बाजू होय. पावसातून सायकल हाकणाऱ्याची छाती अधिक भिजते, पाठ कमी. तसाच हा प्रकार. परंतु वर्षातील काही ठरावीक रात्री उल्कांचा वर्षाव होतो. धूमकेतूंनी मागे टाकलेल्या कणांच्या प्रवाहातून त्या रात्री पृथ्वी जात असते. ययाती नक्षत्रातून येणारा वर्षाव १२-१३ ऑगस्टच्या सुमारास येतो. युरोपात त्याचे मोठे कौतुक. आपल्याकडे तेव्हा रोवणी आटोपून बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि आकाश ढगांनी. विदर्भाचा खरा वर्षाव म्हणजे १३-१४ डिसेंबरचा, मिथुन राशीतला. धान घरात आलेले, हवा कोरडी व गार, आणि पुनर्वसूची जोडी सायंकाळी सातच्या पुढे ईशान्येच्या अंगास उगवून रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येते. या उल्का त्या जोडीतील उत्तरेकडच्या ताऱ्याजवळून फुटल्यासारख्या भासतात. यांचा जनक मात्र धूमकेतू नसून फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. त्याचा शोध १९८३ साली लागला.

येथे पंचांगाचा उपयोग पाहण्यासारखा आहे. वर्षाव येतो तो पृथ्वी आपल्या कक्षेतील त्याच जागी आली म्हणून; अर्थात त्याची तारीख संक्रांतीप्रमाणे सौरमानाने ठरते. मिथुनेतील वर्षाव धनुसंक्रांतीच्या एक-दोन दिवस आधी, सूर्य ज्येष्ठा नक्षत्री असता येतो. चंद्र मात्र चांद्रमानाने चालतो, म्हणून त्याच तारखेस दरवर्षी तिथी निराळी. २०२३ साली ही रात्र मार्गशीर्षाच्या अगदी आरंभी, अमावास्येला लागून आली व काळोख उत्तम मिळाला. २०२४ साली ती नेमकी दत्तजयंतीस आली आणि चांदण्याने बहुतेक उल्का धुऊन नेल्या. सूर्याची संक्रांत व चंद्राची तिथी अशी दोन्ही जुळवून रात्र निवडावी. घरात पंचांग असणाऱ्यास आणखी कोणाला विचारावयास नको.

आमच्या मोहाडीस अशा रात्री शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी व त्यांच्या घरची मंडळी मिळून आमचा लहानसा मेळा जमतो. दुर्बीण लागत नाही. उलट दुर्बिणीतून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, म्हणून ती या कामी निरुपयोगीच. खळ्यात किंवा गच्चीवर सतरंजी अंथरावी, कानांवरून शाल घ्यावी आणि उताणे निजावे. डोळे अंधारास सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. त्या वेळात मोबाइलचा पडदा एकदा जरी पाहिला तरी सारे पुन्हा पहिल्यापासून. लिहिण्यापुरत्या विजेरीवर पतंगाचा तांबडा कागद बांधावा.

नोंदीचे नियम थोडेच आहेत, पण ते कडक पाळावे लागतात. बैठकीचा आरंभ व शेवट घड्याळाने लिहावा. प्रत्येकाची वही निराळी. शेजाऱ्याने 'ती पाहा' म्हणून ओरडल्यावर जी दिसली ती आपल्या वहीत मांडू नये. उल्केची वाट मनाने मागे वाढवावी. ती पुनर्वसूकडे पोचली तर वर्षावातली, न पोचली तर तुरळक. तेज सांगताना 'फार मोठी' असे लिहू नये. व्याधासारखी, रोहिणीसारखी की ध्रुवासारखी, ते लिहावे. ढग किती होते व बारीक तारे कितपत दिसत होते, हेही लिहावे. स्वच्छ चंद्रहीन रात्री मिथुनेच्या ऐन भरात तासास तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक उल्का सहज दिसतात. एरवी एखादा तास पूर्ण रिकामाही जातो. त्या तासापुढे शून्य लिहिताना मुलांचा हात अडखळतो. परंतु शून्य हाही आकडाच आहे. न दिसलेले दिसले असे न लिहिण्याचे जे शिक्षण या वहीतून मिळते ते आम्हांस उल्कांहूनही मोलाचे वाटते.

घरातील स्त्रियांनी या बैठकीस अवश्य यावे. दिवसभराच्या कामानंतर पहाटेचे जागरण कसे व्हावे, ही अडचण खरी आहे. तिचा उपाय, दुसऱ्या दिवशीचा सकाळचा चहा पुरुषांनी करणे, हा आम्ही सुचवून ठेवतो.

असल्या हौशी नोंदींचा उपयोग काय, असे कोणी विचारतील. १८३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत उल्कांची अक्षरशः झड लागली, तेव्हा लोकांस जगबुडी आली असे वाटले. ऑल्मस्टेड नावाच्या अध्यापकाने वृत्तपत्रांतून सामान्य लोकांकडे हकिकती मागविल्या, व त्या जुळविल्यावर सर्व उल्का सिंह राशीतील एकाच बिंदूतून आल्याचे ठरले. उल्काशास्त्राचा अर्वाचीन आरंभ तेथून मानतात. १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना आजही नुसत्या डोळ्यांनी केलेल्या मोजण्या जगभरातून गोळा करते. आणि क्वचित आकाश आपल्या दारीही येते. ता. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे मोठा आवाज होऊन अशनी पडले. त्या दगडांच्या अभ्यासात ब्रिजमनाइट नावाचे खनिज आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल ज्याचा मोठा साठा आहे असे मानतात, तेच हे खनिज. असा दगड सापडल्यास पूजेस किंवा विक्रीस न काढता, जागा व वेळ लिहून तो अभ्यासकांच्या हाती द्यावा.

महाराष्ट्रात ही हौस नवी नाही. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक होते, आणि सामान्य वाचकांकरिता त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिला. पुण्यास १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. हौशी निरीक्षकांची ती देशातील सर्वांत जुनी संस्था मानतात. मुंबईकडे १९८५ पासून खगोल मंडळ काम करीत आहे. शहराच्या दिव्यांपासून दूर जाण्यासाठी त्यांच्या मंडळींना रात्र काढण्यास वांगणीपर्यंत यावे लागले.

मुंबईकरास जे गाडीभाडे देऊन मिळवावे लागते ते आमच्यासारख्या गावांस अद्याप अंगणात मिळते. परंतु किती दिवस मिळेल? गल्लोगल्ली पांढरे दिवे लागले आहेत, व त्यांचा काही उजेड रस्त्यावर न पडता आकाशात जातो. दक्षिणेस वरठीच्या अंगाला क्षितिजावर उजेडाचा पट्टा दिसतो. रस्ता उजळावा याविषयी दुमत नाही. आकाश उजळण्याने कोणाचे काय साधते? आपल्या शेजारच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तेथे आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविण्यात आली. एका पत्र्याच्या झाकणाने जे काम होते त्यास ठराव, अनुदान वा समिती यांची वाट कशाला पाहावी? प्रत्येकाने आपल्या ओसरीचा दिवा झाकून आरंभ करावा, आणि येत्या धनुसंक्रांतीपूर्वी एक कोरी वही आणून ठेवावी.